डिकीचे ‘ओरिजिनल ओल्ड स्टॉक’ शॉकअप घेताय? आधी हे वाचा

मारुती झेन, 800, फियाट युनो असली नव्वदच्या दशकातली गाडी ज्यांनी जीव लावून सांभाळलीय आणि डिकीचे शॉकअप, म्हणजे डिकी वर उचलून धरणारे गॅसचे दांडे, निकामी झालेत म्हणून जे पार्ट शोधतायत, त्यांनी कुणालाही पैसे पाठवायच्या आधी हे पूर्ण वाचा. ‘कंपनीचा ओरिजिनल ओल्ड स्टॉक, सीलपॅक’, म्हणजे तेव्हाच बनलेला पण न वापरता पडून राहिलेला माल, असं सांगून मला भंगारातले शॉकअप गॅस भरून, वरनं काळा रंग मारून विकलेत. चौकशी केली तर असाच माल आणखी दोघांच्या गळ्यात मारलाय, आणि दोघांनाही वाटत होतं की आपल्या गाडीतच काहीतरी गडबड आहे.

गाडी 1997 ची झेन, बाबांनी नवी घेतलेली. 1993 ला आलेली ही गाडी 2006 ला कंपनीनं बंद केली, त्यामुळं आता एकेका पार्टसाठी मारामार. डिकी हातानं धरून ठेवावी लागायची म्हणून शॉकअपची जोडी बघत होतो. जुन्या गाड्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर एकानं फोटो टाकला, पिवळसर पडलेला खोका, वर पार्ट नंबरचा कागद, आत प्लास्टिकच्या पिशवीत चकचकीत जोडी. फोनवर बोलणं एकदम गोड. “साहेब, हा माल आता बनत नाही, दोनच जोड्या उरल्यात, तुम्ही गाडी मनापासून ठेवलीय म्हणून तुम्हाला देतोय.” भाव 5,200 रुपये. पैसे यूपीआयनं मागितले, नाव भलत्याच माणसाचं, म्हणाला भाच्याचं खातं आहे. बिल मागितलं तर पार्सलमध्ये टाकतो म्हणाला, पार्सलमध्ये बिल नव्हतं.

आमच्या गॅरेजवाल्या मामांनी जोडी बसवली. डिकी झटक्यात वर गेली आणि शेवटी धाडकन आवाज करून थांबली, काच थरथरली. मामा तेव्हाच म्हणाले, ‘हा आवाज बरोबर नाही, चांगला शॉकअप शेवटी हळू होतो.’ विक्रेत्याला फोन लावला तर तो म्हणे नवा पीस कडक असतो, चार दिवसांत सेट होईल. मग थंडी पडली आणि एका सकाळी आई डिकीतनं भाजीची पिशवी काढत असताना डिकी सरळ तिच्या मनगटावर आली. हाड वाचलं, पण मनगट सुजून काळंनिळं झालं आणि बरेच दिवस तिला पोळी लाटता येत नव्हती. राग आहे तो याचा, 5,200 रुपयांचा नाही.

मामांनी दोन्ही पीस उतरवले, व्हाइसमध्ये धरून पॉलिश पेपर मारला. काळ्या रंगाखाली गंजाचे खड्डे. पाईपच्या बंद टोकाजवळ मुगाच्या दाण्याएवढा वेल्डिंगचा ठिपका, घासून सपाट केलेला, म्हणजे तिथं भोक पाडून गॅस भरला आणि भोक बुजवून टाकलं. चिकटवलेल्या स्टिकरखाली दुसऱ्याच गाडीचा पार्ट नंबर अर्धवट खरवडलेला. रॉड वरवर चमकत होता पण नख फिरवलं की बारीक खाचा लागत होत्या, आणि असल्या रॉडवर कुठलंही सील टिकणार नाही. पुढचं जास्त वाईट, जोडी मूळ मापापेक्षा 12 मिलिमीटर लांब निघाली. त्यामुळं डिकी गरजेपेक्षा जास्त उघडत होती आणि सगळा ताण वरच्या बिजागऱ्यांवर. छताच्या कडेला, उजव्या बिजागरीशेजारी, मूळ कंपनी पेंटला केसासारखी चीर पडलीय. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं जपलेला पेंट हो! तो आता परत येणार आहे का?

आता मुख्य मुद्दा. या शॉकअपच्या आत असतं काय, तर प्रचंड दाबानं भरलेला नायट्रोजन आणि थोडंसं तेल, आणि दोन्हीला आत धरून ठेवणारं रॉडभोवतीचं एक रबरी सील. सगळा खेळ त्या सीलचा. तेल सीलला ओलं ठेवतं आणि डिकी उघडताना शेवटच्या टप्प्यात वेग कमी करतं, म्हणून तर रॉड खालच्या बाजूला ठेवून बसवायचा असतो, तेल सीलपाशी राहावं म्हणून. माझ्या जोडीत गॅस भरला होता पण तेल जवळजवळ नव्हतंच, म्हणून तो धाडकन आवाज. आणि थंडीत गॅसचा दाब उतरतो, दर 10 अंशांना साधारण तीन-साडेतीन टक्के, म्हणून आधीच गळका शॉकअप थंडीच्या सकाळी हमखास दगा देतो.

यातनंच पुढचं येतं, आणि हे आपल्या जुन्या गाडीवाल्यांना कुणी नीट सांगत नाही. शॉकअपच्या बाबतीत ओल्ड स्टॉक ही चांगली गोष्टच नाही. समजा तो माणूस खरं बोलत असता आणि पीस खरंच 1998 पासून खोक्यात पडून असता, तरी नुसतं आडवं पडून राहून सील सुकतं आणि गॅस हळूहळू निघून जातो. लाइटची काच, बंपर, डॅशबोर्डची बटणं जुन्या स्टॉकची शोधा, त्यात मजाच आहे, मीही शोधतो. पण रबर आणि गॅसवर चालणारी वस्तू ताजी बनलेलीच घ्यायची, भले खोक्यावर साधं नाव असेना. हे लोक आपल्या ‘ओरिजिनलच पाहिजे’ या प्रेमावर धंदा करतायत आणि मला त्याची चीड येते, कारण त्या प्रेमामुळंच या गाड्या अजून रस्त्यावर आहेत.

घेताना काय बघायचं ते सांगतो. जुना पीस सोबत न्या आणि पूर्ण उघडलेली लांबी एका टोकाच्या मध्यापासून दुसऱ्या टोकाच्या मध्यापर्यंत मोजा, दाबलेली लांबीही जुळली पाहिजे, नाहीतर डिकी बंद करताना पत्रा वाकेल. ताकद न्यूटनमध्ये लिहिलेली असते, 10 न्यूटन म्हणजे साधारण एक किलो वजन, आणि ‘जास्त ताकदीचा देतो’ म्हणाला तर अजिबात घेऊ नका, जुन्या बिजागऱ्यांना ते झेपत नाही. दुकानातच रॉड खाली करून लाकडी फळीवर टेकवा आणि अंगाचा भार टाकून दाबा, सुरुवातीपासून सारखा जोर लागला पाहिजे आणि सोडल्यावर शेवटाला वेग मंदावला पाहिजे. बंद टोकावर वेल्डिंगचा ठिपका, स्क्रू किंवा जाड रंगाचा थर दिसला की तिथनं निघा. आणि एकच बाजू बदलू नका, जोडीच बदला.

मी शेवटी पुण्याच्या नाना पेठेतनं साधी नवी जोडी आणली, पक्क्या बिलासह, हजाराच्या आत. डिकी आता मऊपणे वर जाते आणि वरच थांबते.

त्या माणसाला फोटो पाठवले, व्हिडिओ पाठवला. आधी म्हणाला तुमच्या मेकॅनिकनं उलटं बसवलं, मग म्हणाला माल परत पाठवा बघतो, मग नंबर ब्लॉक. यूपीआयची पावती, चॅट, पार्सलवरचा पत्ता हे सगळं जपून ठेवलंय आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 ला, तक्रार नोंदवलीय. तुमच्याकडंही असंच झालं असेल तर चॅट डिलीट करू नका, आणि पैसे घेऊन माल पाठवलाच नाही असा प्रकार असेल तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, 1930 ला, फोन करा, तिथं जितकं लवकर कळवाल तितकं बरं.

गेल्या वर्षभरात ज्यांनी कुणी खोक्यातली ‘ओल्ड स्टॉक’ जोडी घेतलीय त्यांनी आजच पाईपचं बंद टोक पॉलिश पेपरनं घासून बघा. ठिपका निघाला तर नवी जोडी येईपर्यंत डिकीला भक्कम काठी लावा, लहान मुलांना खाली उभं राहू देऊ नका. उतरवलेले पीस कापू नका, भोक पाडू नका, जाळात टाकू नका, आत अजून दाब असतो. भंगारवाल्याला देणार असाल तर हेही त्याला सांगून द्या.