ऑन्कोटाइप डीएक्स टेस्ट: ताईची केमो टळली, पण तीन लाख कुणी घालावेत?

ब्रेस्ट कॅन्सरच्या ऑपरेशननंतर केमो लागेल की नाही ते ठरवायला मदत करणारी ही टेस्ट. ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधी रेटिंग. टेस्टला पाचपैकी चार स्टार, आपल्याकडच्या किमतीला दोन, आणि टेस्टपर्यंत पोचायला जी धावपळ होते तिला मी काहीच देणार नाही. आता सविस्तर, कारण नेटवर शोधताना मला एकतर कंपनीचं ब्रोशर सापडायचं नाहीतर नुसतं "आम्ही केली, छान आहे", आणि पैसे भरायच्या आधी नक्की काय विचारायचं ते कुठेच मिळालं नाही.

पेशंट माझी मोठी बहीण. वय ५७, साताऱ्याला असते, शाळेतून रिटायर झालेली, डायबेटिस आहे. फाइल सांभाळायचं काम माझ्याकडे कारण घरात इंग्रजी रिपोर्ट वाचायचा कंटाळा नसलेली मी एकटीच. ऑपरेशन नीट झालं, गाठ २.१ सेंटीमीटर, ग्रेड २ (पेशी किती बिघडलेल्या दिसतात ते, १ ते ३ मध्ये), काखेतल्या ग्रंथी क्लीन, ईआर-पीआर पॉझिटिव्ह (म्हणजे हार्मोनवर वाढणारी गाठ), हर-टू निगेटिव्ह (गाठ जोरात वाढवणारं हे प्रोटीन जास्त नाही), केआय-६७ (किती टक्के पेशी वाढीला लागल्यात ते) बावीस. म्हणजे सगळंच अधलंमधलं. गाठ बारीक आणि ग्रेड १ असती तर हार्मोन रोखणाऱ्या गोळ्यांवर भागलं असतं, ग्रंथींत बरंच पसरलेलं असतं तर केमोला पर्यायच नव्हता. एका डॉक्टरांनी सांगितलं, "देऊन टाकू चार सायकल, मनात शंका नको." दुसऱ्या म्हणाल्या, "मॅडम, थांबा, एक टेस्ट आहे, ती बघून ठरवू." घरात लगेच दोन पार्ट्या पडल्या.

टेस्ट काय आहे ते आधी, कारण यात फार गोंधळ होतो. जेनेटिक टेस्ट म्हटलं की सगळे बीआरसीए समजतात, म्हणजे ती रक्ताची किंवा लाळेची टेस्ट जी सांगते की आईबापांकडून आलेला दोष आहे का, मुलीला बहिणीला धोका आहे का. ही ती नाही. ऑन्कोटाइप रक्तावर होत नाही, काढलेल्या गाठीच्याच तुकड्यावर होते आणि त्या गाठीतले २१ जीन्स किती जोरात काम करतायत ते मोजते. त्यातले १६ कॅन्सरशी संबंधित, बाकीचे ५ नुसते तुलनेला. त्यावरून ० ते १०० मधला एक आकडा येतो, त्याला रिकरन्स स्कोअर म्हणतात, तो जेवढा जास्त तेवढा आजार उलटण्याचा धोका जास्त. माझी भाची पहिल्या दिवशी मला विचारत होती की मावशी मग मलाही कळेल का माझं, तर नाही, त्यासाठी वेगळी टेस्ट, वेगळं काउन्सेलिंग. आणि हो, ही टेस्ट फक्त हार्मोन पॉझिटिव्ह हर-टू निगेटिव्ह आणि सुरुवातीच्या स्टेजच्या कॅन्सरलाच लागू आहे. ट्रिपल निगेटिव्ह (ईआर, पीआर, हर-टू तिन्ही निगेटिव्ह) किंवा हर-टू पॉझिटिव्ह असेल तर हिच्या नादी लागू नका, तिथे केमोचा निर्णय वेगळ्या गोष्टींवर होतो.

आता मला जे मुख्य सांगायचंय ते. पैसे भरायच्या आधी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: स्कोअर कमी आला तर तुम्ही काय कराल आणि जास्त आला तर काय कराल? दोन्हीला उत्तर एकच असेल तर टेस्ट करू नका, तुमचे तीन लाख वाचले. उदाहरणार्थ पेशंट ऐंशीची आहे, हार्ट वीक आहे, केमो झेपणारच नाही, मग स्कोअर ६ आला काय आणि ६० आला काय. किंवा पेशंटचंच पक्कं आहे की काही झालं तरी मला केमो हवीच, नाहीतर मला झोप लागणार नाही. अशांनीही करू नये. आणि हेच पेशंटला पण विचारा, फक्त डॉक्टरला नाही. मी ताईला विचारलं तर ती म्हणाली, "अगं, कमी आला तर मला नको ती केमो, जास्त आला तर घेईन, रडणार नाही." तिथे आमचं ठरलं. आमच्या पहिल्या डॉक्टरांना हा प्रश्न विचारल्यावर ते थोडे चिडले हे खरं पण उत्तर दिलं त्यांनी.

याच्या आधी एक फुकटातली गोष्ट करून घ्या. प्रेडिक्ट नावाचं ब्रिटनमधलं ऑनलाइन कॅल्क्युलेटर आहे, केंब्रिजच्या लोकांनी बनवलेलं, त्यात वय, गाठीचा साइज, ग्रेड, ग्रंथी, ईआर, हर-टू वगैरे भरलं की केमोने जगण्याच्या शक्यतेत साधारण किती टक्के भर पडेल ते दाखवतं. ते डॉक्टरांच्या समोर बसून भरा, एकटीने रात्री दीड वाजता भरू नका. आमच्या केसमध्ये त्यात केमोचा फायदा दिसला, पण तो हो म्हणण्याइतका मोठा नाही आणि नाही म्हणण्याइतका छोटाही नाही असा. म्हणूनच पुढची टेस्ट. काहींचा निर्णय या फुकटच्या पायरीवरच होऊन जाईल.

प्रोसेस. ऑपरेशननंतर गाठ मेणाच्या छोट्या ठोकळ्यांत जपून ठेवतात, त्यांना ब्लॉक म्हणतात. ते ब्लॉक पॅथॉलॉजीतून सोडवून घ्यायचे, फॉर्म भरायचा, मग कुरिअरने सँपल अमेरिकेत जातं, कॅलिफोर्नियातल्या रेडवुड सिटीच्या लॅबमध्ये. इथे आमचा जीव गेला. ज्या हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन झालं तिथे ब्लॉक द्यायला आधी अर्ज, मग अमुक साहेब नाहीत, मग पेशंट स्वतः आलं पाहिजे, मग पेशंट नको फक्त ऑथोरिटी लेटर आणा. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, उपचार चांगले केलेत त्यांनी. पण तुमच्याकडे हा प्रसंग येणार असेल तर ऑपरेशन झाल्याझाल्याच ऑथोरिटी लेटर आणि आधारच्या झेरॉक्स तयार ठेवा. रिपोर्टला साधारण दोन आठवडे धरा, सुट्ट्या आल्या तर जास्त. केमो द्यायचीच झाली तर ऑपरेशननंतर फार लांबवून चालत नाही, तीन महिन्यांच्या पलीकडे तर जाऊच नये असं डॉक्टर सांगतात, त्यामुळे टेस्टचा विचार करायलाच महिना घालवू नका.

रिपोर्ट आला, स्कोअर १७.

रिपोर्टचं कौतुक करावं तेवढं थोडं. पहिल्याच पानावर तीन गोष्टी ठळक: स्कोअर, ९ वर्षांत आजार शरीरात दुसरीकडे उलटण्याची शक्यता (ताईची ५ टक्क्यांच्या आसपास, तीही पाच वर्षं हार्मोनच्या गोळ्या घेतल्या तर), आणि केमोने त्यात किती फरक पडेल, तर १ टक्क्याहून कमी. म्हणजे ताईसारख्या शंभर बायकांना केमो दिली तर एकीलाही धड फायदा होईल की नाही अशी स्थिती, आणि केस गेले, तोंड आलं, रक्तातल्या पेशी कमी झाल्या यातलं काही ना काही जवळपास सगळ्यांच्याच वाट्याला. ही वाक्यं रिपोर्टमध्ये अशी नाहीत, मी आमच्या भावोजींना समजावताना केलेली आहेत.

हे आकडे हवेतून आलेले नाहीत. टेलरएक्स नावाची मोठी ट्रायल होती, तिचा निकाल २०१८ मध्ये आला. १० हजारांहून जास्त बायका, सगळ्या ग्रंथी क्लीन असलेल्या. ज्यांचा स्कोअर ११ ते २५ होता अशा ६७०० च्या वर बायकांची चिठ्ठी टाकावी तशी विभागणी केली, निम्म्यांना नुसत्या गोळ्या आणि निम्म्यांना केमो अधिक गोळ्या. ९ वर्षांनी दुसरीकडे न उलटलेल्यांचं प्रमाण ९४.५ आणि ९५ टक्के. अर्ध्या टक्क्याचा फरक. मी हे वाचलं आणि मला आमच्या पहिल्या डॉक्टरांचं "शंका नको" आठवलं. एक खटकलं ते पण लिहिते, ही ट्रायल झाली अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, पेरू वगैरे देशांत, भारत त्यात नव्हता. आमच्या दुसऱ्या डॉक्टरांचं म्हणणं की गाठीच्या स्वभावात तेवढा फरक पडू नये. मला पटलं, सगळ्यांना पटेलच असं नाही.

पण थांबा, १७ म्हणजे सगळ्यांना केमो नको असं अजिबात नाही आणि इथेच लोक घोळ घालतात. माझ्या ऑफिसमधली एक जण आहे, ४४ वर्षांची, पाळी चालू, स्कोअर ताईच्या आगेमागेच. तिला केमो दिली आणि ते बरोबरच होतं. त्याच ट्रायलमध्ये ५० आणि त्याखालच्या बायकांत स्कोअर १६ ते २० असेल तर केमोने दीड टक्क्याच्या वर आणि २१ ते २५ असेल तर साडेसहा टक्क्यांच्या आसपास फायदा दिसला. तो केमोच्या औषधाचा की केमोने पाळी बंद पडते त्याचा, यावर डॉक्टरांचेच वाद आहेत, म्हणून काहींना केमोऐवजी अंडाशयाचं काम थांबवणारी इंजेक्शनं देतात. काखेतल्या १ ते ३ ग्रंथींत पसरलेल्यांसाठी आरएक्सपाँडर म्हणून दुसरी ट्रायल आहे, २०२१ ची, तिथेही तेच: स्कोअर २५ पर्यंत असेल आणि पाळी गेलेली असेल तर केमोचा फायदा दिसला नाही, पाळी चालू असलेल्यांत पाच वर्षांनी जवळपास ५ टक्क्यांचा दिसला. त्यामुळे शेजारणीचा स्कोअर ऐकून आपलं ठरवू नका.

किंमत. आम्हाला सांगितलेला आकडा तीन लाखांच्या जवळपास. आणि गंमत बघा, हॉस्पिटलच्या अंदाजपत्रकात चार केमोंचा खर्च त्याहून कमी होता कारण आपल्याकडे जेनेरिक औषधं स्वस्त. परदेशात ही टेस्ट केमोचा खर्च वाचवते म्हणून विमा कंपन्या आनंदाने पैसे देतात, इथे उलटं गणित आहे. आमच्या मेडिक्लेमवाल्यांनी हात वर केले, म्हणे ही तपासणी उपचारात धरत नाही. केमोला मात्र तयार होते! सरकारी योजनेत महात्मा फुले जन आरोग्यमध्ये केमो बसते, मग गरीब बाईने केमो फुकट घ्यावी की टेस्टला दागिने मोडावेत? दागिने मोडू नका असंच मी सांगेन. अशा वेळी प्रेडिक्ट आणि अनुभवी डॉक्टर यांवर निर्णय घेणं यात काही कमीपणा नाही, बऱ्याच बायकांचे निर्णय असेच होतात.

स्वस्त पर्याय म्हणून कॅनअसिस्ट ब्रेस्ट आहे, बंगळुरूच्या ऑन्कोस्टेम कंपनीची, संस्थापक डॉ. मंजिरी बाक्रे. त्यात जीन्स नाही तर पाच प्रोटीन बघतात आणि त्याला गाठीचा साइज, ग्रेड, ग्रंथी जोडून कॉम्प्युटर स्कोअर काढतो, १५.५ पर्यंत लो रिस्क आणि वर गेला की हाय. सँपल देशाबाहेर जात नाही, किंमत बरीच कमी, भारतीय पेशंटच्या नमुन्यांवर तपासलेली आहे. मग आम्ही ती का नाही केली? कारण टेलरएक्ससारखी, चिठ्ठी टाकून केमो दिली-न दिली अशी मोठी ट्रायल तिच्या मागे नाही, आणि पैसे ताईच्या पीएफचे होते, तिनेच ठरवलं. बजेट कमी असतं तर मी हीच सुचवली असती. नेदरलँड्सची मॅमाप्रिंट पण आहे, ७० जीन्सची, पण आमच्या डॉक्टरांचा तिचा फार अनुभव नव्हता म्हणून खोलात गेलो नाही.

निर्णय घेताना डायबेटिसचाही विचार झाला. ज्या केमोचं बोलणं चालू होतं त्यात डोसेटॅक्सेल होतं, त्याच्यासोबत स्टिरॉइड देतात, शुगर भडकते, आणि हातापायाला मुंग्या येऊ शकतात ज्या ताईला आधीच आहेत. एक टक्क्याहून कमी फायद्यासाठी हे सगळं? दुसऱ्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "मी माझ्या आईला दिली नसती." पहिल्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवला तर त्यांनीही मान्य केलं, त्यांचं मोठेपण. नात्यातल्या मंडळींचं मात्र अजून चालू आहे, "केमो न देता कॅन्सर बरा होतो का कधी?" ताई त्यांना सरळ म्हणते, "तुम्ही घ्या मग माझ्या वाटणीची."

टेस्टला एक स्टार का कापला तेवढं सांगते. एक, ५ टक्के म्हणजे शून्य नाही, आणि कमी स्कोअर आल्यावर घरातले लोक जणू आजारच गेला असं वागायला लागतात. दोन, तो ५ टक्क्यांचा आकडा पाच वर्षं गोळ्या घेतल्या तरच खरा, हे रिपोर्टमध्ये लिहिलेलं असतं पण अशा जागी की चष्मा लावूनही कुणाची नजर जात नाही. ताईला लेट्रोझोल ही हार्मोनची गोळी चालू आहे, सकाळी उठल्यावर गुडघे आणि बोटं आखडतात, हाडांची डेक्सा टेस्ट करावी लागते, कॅल्शियम वेगळं. दोनदा तिने "बंद करू का गं?" विचारलंय. बंद केली तर त्या तीन लाखांच्या कागदाला काही अर्थ उरत नाही. त्रास फार असेल तर डॉक्टरांकडून गोळी बदलून घ्या, त्या गटात अजून पर्याय आहेत, पण आपल्या मनाने सोडू नका.

अजून एक, रिपोर्ट आल्यावर ब्लॉक परत मागून घ्या किंवा मूळ हॉस्पिटलला परत पोचलेत याची पोच घ्या. पुढे कधी तपासणी लागली तर तेच लागतात आणि आपल्याला वाटतं ते आपोआप परत येतात, तसं होत नाही, मागे लागावं लागतं. कुणाला ऑथोरिटी लेटरचा मजकूर हवा असेल तर सांगा, माझ्याकडे मराठी इंग्रजी दोन्ही आहे.