ला रोशेलचा किनारा मुलांसोबत : काही महिन्यांच्या वास्तव्यानंतरचा अनुभव

फ्रान्स म्हटलं की आपल्याकडच्या कुटुंबांचा आराखडा ठरलेला असतो. पॅरिस, आयफेल टॉवर, डिस्नेलँड, आणि जमलंच तर स्वित्झर्लंड. मुलं दहा-बारा वर्षांच्या आतली असतील तर त्यातले चार-पाच दिवस काढा आणि अटलांटिक किनाऱ्यावरच्या ला रोशेलला द्या, असं मी आता ठामपणे सांगते. नवऱ्याच्या नोकरीमुळे मार्चपासून आम्ही याच भागात राहतोय. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाच वर्षांचा, आणि उन्हाळ्यात सासूबाईही येऊन राहिल्या. शनिवार-रविवार, शाळेच्या सुट्ट्या आणि जवळपास अख्खा जुलै-ऑगस्ट या किनाऱ्यावर गेला. त्यामुळे हे एका चक्करवर लिहिलेलं नाही. पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनवरून टीजीव्ही या वेगवान रेल्वेने साधारण तीन तासांत इथे पोचता येतं आणि स्टेशनपासून जुनं बंदर चालत जाण्याइतकं जवळ आहे.

पहिली गोष्ट भरती-ओहोटीची, कारण इथला प्रत्येक दिवस तिच्यावर ठरतो. या किनाऱ्यावर उधाणाला समुद्र पाच-सहा मीटर वर-खाली होतो. जवळच्या शातलायों गावासारख्या सपाट किनाऱ्यावर ओहोटीला पाणी इतकं लांब जातं की मुलांना पोहायला म्हणून न्यावं आणि समोर नुसता ओला चिखल पसरलेला असावा. तेच किनारे भरतीला सुंदर असतात. वाळू मऊ, लाटा लहान, उतार हळूहळू. तेव्हा पोचल्या दिवशी पर्यटन कार्यालयातून भरती-ओहोटीचं फुकट मिळणारं पत्रक घ्या. त्यात रोजच्या दोन भरत्या, दोन ओहोट्या, त्यांच्या वेळा आणि शेजारी भरती किती मोठी ते सांगणारा एक आकडा असतो. तो साधारण 20 ते 120 च्या मधला असतो. 70 च्या आसपास म्हणजे मध्यम, 95-100 च्या वर म्हणजे मोठं उधाण, आणि 45 च्या खाली म्हणजे भांग, म्हणजे पाणी कमीत कमी वर-खाली होण्याचे दिवस.

आता यातली खरी कामाची गोष्ट. उन्हाळ्यात इथे उधाणाच्या दिवसांत भरती सकाळ-संध्याकाळ पाच-सहाच्या सुमारास येते आणि ओहोटी येते भर दुपारी बाराच्या आसपास. भांगाच्या दिवसांत बरोब्बर उलट, भरती दुपारच्या सुमारास. म्हणजे पौर्णिमा किंवा अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी गेलात तर तो खडकांवर खेकडे बघायचा दिवस. अष्टमीच्या पुढे-मागे गेलात तर तो पोहण्याचा दिवस. सासूबाई मूळच्या गुहागरकडच्या. त्यांना पत्रक वाचून दाखवायची वेळच आली नाही. भिंतीवरची दिनदर्शिका बघून त्या आदल्या रात्रीच म्हणायच्या, “उद्या पाणी लांब जाईल हो, टॉवेल कमी घे आणि बादल्या जास्त घे.” आणि तसंच व्हायचं. भारतातून तिकिटं काढतानाच तिथी बघून आठवडा निवडता येतो, हे मला कुठल्याही प्रवासी कंपनीने सांगितलं नव्हतं.

ओहोटीचे दिवस आमच्या मुलांना पोहण्याच्या दिवसांपेक्षाही आवडले. फ्रेंच कुटुंबं पायात रबरी बूट, हातात जाळी आणि बादली घेऊन आजी-आजोबांसकट खडकांवर उतरतात. शिंपले, कालवं, कोळंबी, खेकडे गोळा करतात. कुठला जीव किमान किती मोठा हवा आणि माणशी किती न्यायचा याचे नियम आहेत, आणि माप बघायची छोटी पट्टी बऱ्याच ठिकाणी फुकट मिळते. आम्ही फक्त बघतो आणि सोडतो. मुलीने एका सपाट दगडाखाली हिरवट खेकडा पाहिला. मऊ कवचाचा, नुकतीच कात टाकलेला, आणि शेजारी त्याची रिकामी कात जशीच्या तशी, डोळ्यांच्या खोबणींसकट. ती तिथे इतका वेळ बसली की शेवटी मलाच घाई करावी लागली. दगड उचलला तर तो होता तसाच, त्याच बाजूने परत ठेवायचा, हे इथलं पहिलं शिक्षण. खालच्या बाजूचे जीव उन्हात मरतात. दुसरं शिक्षण, ओहोटी पूर्ण होऊन पाणी वळायची वेळ झाली की परतीला लागायचं. सपाट किनाऱ्यावर पाणी मागून वळसा घालून येतं, आणि लहान मुलं बरोबर असताना तिथे धाडस नको.

रे बेटाला एक दिवस नक्की द्या, शक्य असेल तर दोन. 1988 मध्ये झालेला जवळपास तीन किलोमीटरचा पूल बेटाला ला रोशेलशी जोडतो. गाडीला बेटावर जाताना टोल लागतो. उन्हाळ्यात 16 युरो, एरवी 8. सायकलला आणि पायी जाणाऱ्याला काही नाही, बसही जाते. बेट लांबट आणि सपाट आहे, शंभर किलोमीटरहून जास्त सायकलवाटा आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच द्राक्षमळ्यांतून किंवा मिठागरांच्या बांधांवरून जातात. लहान मुलासाठी सायकलच्या मागे जोडायची गाडी भाड्याने मिळते. ती घेताना पट्टे आणि चाकं स्वतः तपासा. एका दुकानाने आम्हाला दिलेल्या गाडीचा कमरपट्टा लागतच नव्हता, आणि बदलून मागितल्यावर तासभर थांबवून ठेवलं. वारा बहुतेक पश्चिमेकडून असतो, त्यामुळे बेटाच्या टोकाकडे जाताना दम लागतो आणि परतताना सोपं जातं. दुपारनंतर वारा वाढतो म्हणून सकाळी लवकर निघावं.

टोकाला बालेन दीपगृह आहे, 57 मीटर उंच, 257 पायऱ्या. पाच वर्षांचा मुलगा मोजत मोजत चढला आणि वरून बेटाची निमुळती शेपटी आणि तिच्या दोन्ही बाजूंचं पाणी बघून गप्प झाला. सॅं-मार्तां गावात चौदाव्या लुईचा लष्करी अभियंता व्होबां याने बांधलेली ताऱ्याच्या आकाराची तटबंदी आहे, 2008 पासून ती जागतिक वारशात आहे. मुलांना मात्र तटाखालच्या हिरवळीवरची गाढवं जास्त लक्षात राहिली. प्वातू जातीची, लांब झिपऱ्या केसांची, आणि पायांत चौकटीच्या कापडाच्या चड्ड्या घातलेली. पूर्वी ही गाढवं मिठागरांत कामाला होती, आणि डास-माश्यांपासून वाचावीत म्हणून त्यांना खरोखर चड्ड्या घालत. सासूबाईंनी हा प्रकार बघून त्या धन्याचं मनापासून कौतुक केलं.

एक्स बेट मला सगळ्यांत जास्त आवडलं. फुरा गावाच्या टोकावरून बोटीने वीसेक मिनिटांत पोचतो. बेटावर पर्यटकांच्या गाड्या नाहीत, लांबी जेमतेम तीन किलोमीटर, म्हणून मुलांना मोकळं सोडता येतं. पांढरी बुटकी घरं आणि दारोदारी माणसाच्या उंचीची गुलखैरा फुललेली. नेपोलियनचा फ्रेंच भूमीवरचा शेवटचा मुक्काम इथला. 15 जुलै 1815 ला तो इथूनच इंग्रजांच्या जहाजावर गेला. बेटावरच्या संग्रहालयात इजिप्तच्या मोहिमेत त्याने वापरलेला उंट पेंढा भरून ठेवलेला आहे. मुलांच्या दृष्टीने नेपोलियनची ओळख तिथून सुरू झाली. खाण्याची दुकानं मोजकी आहेत, तेव्हा डबा बरोबर असू द्या.

याच भागात समुद्रात उभा असलेला फोर बोयार दिसतो. 68 मीटर लांब, 31 मीटर रुंद, लंबगोल दगडी किल्ला. एक्स आणि ओलेरों या दोन बेटांवरच्या तोफांचा मारा मधल्या पाण्यावर पुरत नव्हता, म्हणून तो बांधायला घेतला. बांधून होईपर्यंत तोफांचा पल्लाच इतका वाढला की किल्ल्याची गरज उरली नाही. 1990 पासून त्यावर टीव्हीचा खेळ होतो आणि फ्रेंच मुलं त्यावर जीव टाकतात. आत जाता येत नाही, बोट फक्त प्रदक्षिणा घालते. आपल्या मुलांनी तो कार्यक्रम पाहिलेला नसतो, त्यामुळे त्यासाठी वेगळे पैसे घालवू नका. किल्ल्याला वळसा घालून एक्स बेटावर थांबणारी बोट मिळते, ती घ्या.

खुद्द ला रोशेलमध्ये पावसाच्या दिवसासाठी मत्स्यालय आहे, आणि ते उत्तम आहे. सुरुवातीलाच जेलीफिशचा बोगदा, शेवटी शार्कची प्रचंड टाकी. किनाऱ्यावर वाहून आलेल्या समुद्री कासवांवर उपचार करून त्यांना परत सोडण्याचं केंद्रही याच संस्थेचं. पाऊस पडला की सगळं गाव तिथे लोटतं, म्हणून ऑनलाइन तिकीट काढून उघडतानाच आत शिरा. बंदराच्या तीन मनोऱ्यांना 18 वर्षांखालच्यांना प्रवेश फुकट आहे. तिन्ही चढायची गरज नाही. वेळ कमी असेल तर कंदिलाचा मनोरा निवडा. तिथे कैद ठेवलेल्या खलाशांनी भिंतींवर जहाजं कोरली आहेत. शिडं, दोर, नांगर सगळं बारकाईने. मुलीने वहीत त्यातलं एक उतरवून घेतलं. बंदरातून मिनीमच्या किनाऱ्यापर्यंत जाणारी समुद्री बस हाही मुलांसाठी स्वस्तातला आनंद. मिनीमचा किनारा स्वतः यथातथाच आहे. पोहण्यासाठी लोकल ट्रेनने शातलायोंला जावं.

समुद्रस्नानाबद्दल काही व्यवहाराच्या गोष्टी. पाणी ऐन ऑगस्टमध्येही विशीच्या आसपास असतं. आपल्या मुलांना ते थंडच लागतं, दहा मिनिटांत ओठ निळे पडतात. अर्ध्या बाह्यांचा, मांडीपर्यंतचा रबरी पोशाख क्रीडासाहित्याच्या दुकानात फार महाग नाही, तो पहिल्याच दिवशी घ्या. वर लाल आणि खाली पिवळा अशा दोन झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यातच उतरायचं, तिथे जीवरक्षकांची नजर असते, पण साधारण जुलै-ऑगस्टमध्येच. वाळूत पुरून बसणारा विंचवासारखा डंख मारणारा एक मासा इथे आहे, म्हणून पायात रबरी चपला हव्यातच. डंख बसला तर पोळणार नाही इतक्या गरम पाण्यात पाय धरतात, आणि जीवरक्षकांच्या चौकीवर लगेच जावं. समुद्रात कसलेही कपडे चालतात. पण कॅम्पिंगच्या किंवा नगरपालिकेच्या तलावात मुलग्यांना आणि पुरुषांना सैल बर्म्युडा चालत नाही, अंगाबरोबरचीच चड्डी लागते, आणि बऱ्याच ठिकाणी टोपीही. भारतातून येतानाच बॅगेत टाका, नाहीतर तलावाच्या दारात लहान मुलाची समजूत घालत बसावं लागतं.

खाण्याचं नियोजन घड्याळाप्रमाणे करावं लागतं. दुपारी बारा ते दोन जेवण, दोननंतर बहुतेक स्वयंपाकघरं बंद. किनाऱ्यावरच्या एका क्रेपरीने, म्हणजे फ्रेंच घावनांच्या उपाहारगृहाने, सव्वादोनला रडकुंडीला आलेल्या मुलासकट आम्हाला परत पाठवलं, आणि शेजारी मोकळी टेबलं दिसत होती. याचा मला अजूनही राग आहे. शाकाहारी असाल तर कुट्टूच्या पिठाच्या घावनासारख्या गालेत शोधा. चीज, मशरूम, कांदा घालून मिळतात. अंडं नको असेल तर आधी बजावून सांगायचं, कारण ते न विचारता वर फोडतात. सकाळी बाजारातून इथली केशरी गराची खरबुजं, ताजा पाव आणि चीज, आणि घरून धपाटे किंवा दशम्या. आमचे सगळ्यांत चांगले दिवस या डब्यावर गेले.

याच भागातल्या रोशफोर गावाला अर्धा दिवस पुरतो. सतराव्या शतकात जहाजांचे दोर वळायला बांधलेली 374 मीटर लांबीची इमारत, आणि तिथे हाताने दोर वळून बघायची, गाठी शिकायची सोय. त्याहून मजेचा आहे 1900 सालचा लोखंडी पूल, ज्याच्यावरून रस्ता नाही. वरच्या तुळईला टांगलेला एक पाळणा माणसांना आणि सायकलींना घेऊन शारांत नदीच्या पलीकडे जातो. फ्रान्समध्ये असा आता हा एकच उरलाय. मुलाला त्यातून पुन्हा पुन्हा जायचं होतं. हंगामापुरताच चालतो, तेव्हा आधी वेळा बघा.

कधी यावं? 14 जुलैच्या आठवड्यात ला रोशेलमध्ये मोठा संगीत महोत्सव असतो. राहण्याचे दर चढतात आणि पार्किंग मिळत नाही. ऑगस्टच्या शनिवारी रस्त्याने प्रवास टाळा. जून उत्तम, पण पाणी गार. सप्टेंबर माझ्या मते सर्वांत चांगला. पाणी उन्हाळाभर तापलेलं, गर्दी ओसरलेली, महिन्याच्या मध्यापर्यंत रे बेटाचा टोलही निम्म्यावर आलेला. शिवाय विषुवदिनाच्या आसपास, म्हणजे मार्च आणि सप्टेंबरच्या अखेरीला, वर्षातली सर्वांत मोठी उधाणं येतात. तेव्हा रे बेटावर समुद्रात मासे पकडायला बांधलेले, घोड्याच्या नालेच्या आकाराचे जुने दगडी बांध पूर्ण उघडे पडतात. भरतीला मासे बांध ओलांडून आत येतात, ओहोटीला पाणी जाळीच्या तोंडांतून निघून जातं आणि मासे आत अडकतात. हे बांध सांभाळणारे स्थानिक लोक मुलांना आत नेऊन सगळं समजावतात. शाळेतून चार दिवसांची रजा मिळत असेल तर सप्टेंबरअखेरची पौर्णिमा किंवा अमावास्या बघून, तिच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुपारी तिथे असाल अशा बेताने तिकिटं काढा.