पक्षाच्या शहर कार्यालयात तक्रार द्यायचा अनुभव: पाचपैकी अडीच स्टार

आमच्या पक्षाच्या सोलापूर शहर कार्यालयात तक्रार कशी घेतात त्याचा हा रिव्ह्यू. पक्षाचं नाव लिहीत नाही, मी अजून त्याच पक्षात आहे आणि राहणार आहे, शिवाय दुसऱ्या पक्षातली मित्रमंडळी सांगतात ते पण ह्याहून लई वेगळं नसतं.

झालं असं की सदस्य नोंदणीच्या वेळी मी आणि माझ्या बहिणीनं नीलमनगर आणि विडी घरकुल भागात फिरून 140 बायकांचे फॉर्म भरून घेतलते. त्यातल्या बहुतेक जणी विडी कामगार, विड्या कारखान्यात देऊन घरी आल्या की मगच निवांत भेटायच्या, त्यामुळं आमच्या तीन आठवड्यांच्या संध्याकाळी त्यातच गेल्या. फॉर्म आणि पैसे प्रभाग अध्यक्षाकडं जमा केले. यादी लागली तर आमची फक्त 52 नावं, बाकीच्या जागी दुसऱ्याच प्रभागातली माणसं, आणि बायकांच्या हातात पावती नाही. पक्षाच्या अंतर्गत निवडणुकीत ही यादीच चालते, म्हणजे 88 जणींनी पैसे भरून पण त्यांना पक्षात मत नाही. एक अक्का रस्त्यात दिसल्या की विचारायच्या, "अण्णा, माझी पावती कवा देताव?" मला मान वर करून बोलता येईना.

आधी तोंडी सांगितलं. कार्यालयात बसवून घेतात, चहा येतो, "बघू की मालक, साहेबांच्या कानावर घालतो" म्हणतात. असं चार वेळा झालं. मधी संक्रांत आली, नंदीध्वजाची मिरवणूक आणि सिद्धेश्वराची गड्डा जत्रा चालू झाली, मग पंधरा दिवस कार्यालयात कुणी धड भेटलंच नाही. मग मी वैतागून व्हॉट्सअप ग्रुपवर सगळं लिहिलं आणि ही माझी चूक झाली, कारण दहा मिनिटात मला ग्रुपमधनं काढलं आणि विषय यादीचा राहिला बाजूला, मीच शिस्त मोडली असं चालू झालं. कुणाला पण सांगतो, ग्रुपवर आणि पत्रकारांकडं आधी जाऊ नका, समोरच्याला आयतं कारण मिळतं.

एका जुन्या कार्यकर्त्यानं सांगितलं, आधी पक्षाची घटना वाच. मान्यताप्राप्त पक्षांच्या घटना निवडणूक आयोगाच्या वेबसाईटवर असतात, तिथनं डाउनलोड करून झेरॉक्स काढली. तक्रार कुणाकडं द्यायची, शिस्तपालन समिती कुठं, अपील कुणाकडं, सगळं त्यात होतं आणि इतकी वर्षं काम करून मला त्यातलं काय माहीत नव्हतं. मग दीड पानाचा अर्ज केला, कोणत्या तारखेला किती फॉर्म दिले, घटनेतलं कलम कोणतं, मला काय पाहिजे (यादी दुरुस्त करा आणि पावत्या द्या, एवढंच), सोबत 88 जणींची नावं आणि सह्या. शिव्या नाहीत, जुनी उणीदुणी नाहीत. कार्यालय सचिवांनी आवक रजिस्टरला नोंद केली, माझ्या कॉपीवर शिक्का मारून आवक क्रमांक टाकून दिला. अडीचमधले दोन स्टार ह्या माणसाचे आहेत, वरनं फोन आलता तरी त्यांनी पोच दिली. एक प्रत स्पीड पोस्टनं प्रदेश कार्यालयाला पाठवली.

बरेच जण म्हणले आयोगाकडं जा. आयोग पक्षाची नोंदणी करतो ती 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातल्या कलम 29अ खाली, आणि पक्षात फूट पडून चिन्हावर भांडण झालं तर 1968 च्या चिन्ह आदेशाखाली निकाल देतो, शिवसेनेचा फेब्रुवारी 2023 ला दिला तसा. पण प्रभागातल्या यादीत कुणाची नावं घुसवली ह्यात आयोग पडत नाही. माहिती अधिकाराचं पण तसंच, केंद्रीय माहिती आयोगानं जून 2013 ला सहा राष्ट्रीय पक्षांना तो कायदा लागू आहे असं सांगितलं पण पक्षांनी ते मानलं नाही. बहिणीनं विचारलं बाईला कुणी त्रास दिला तर काय, तर केरळ हायकोर्टानं मार्च 2022 ला म्हणलंय की पक्षात मालक-नोकर असं नातं नसल्यामुळं कामाच्या जागेसारखी तक्रार समिती पक्षावर बंधनकारक नाही. हे वाचून मला खरंच वाईट वाटलं, रात्री दहापर्यंत प्रचारात बायका असतात आणि त्यांच्यासाठी धड एक दार नाही. तसं काय झालं तर पक्षाची वाट न बघता सरळ पोलिसात जावं.

अर्जानंतर 47 व्या दिवशी सुनावणीला बोलावलं. तिघं जण होते, नीट ऐकून घेतलं, पण प्रभाग अध्यक्षाला माझ्यासमोर एक प्रश्न विचारला नाही आणि निर्णय लेखी दिला नाही, अडीच स्टार इथं गेले. यादीत आता 121 नावं आहेत. त्या अक्कांना पावती मिळाली. उरलेल्या 19 जणींसाठी प्रदेशाकडं अपील केलंय.

कुणाला जायचं असेल तर सकाळी अकराच्या आत जा, सचिव तेव्हा एकटे असतात, आणि अर्जाच्या दोन कॉप्या घरनंच घेऊन जा, तिथलं मशीन बंद आहे.