डॉक्टर मार्टेन्सचा १४६०: पुन्हा चलनात आलेला बूट

ऐंशीच्या दशकातील वेशभूषा गेली काही वर्षे पुन्हा चलनात आली आहे. तिच्यातील रुंद खांद्यांची जाकिटे आणि भडक रंग बहुतांशी हौसेपुरतेच राहिले; डॉक्टर मार्टेन्सचा आठ जोडभोकांचा, पिवळ्या शिवणीचा ‘१४६०’ हा बूट मात्र लोक रोज घालून कामावर जातात. वस्तू म्हणून हा बूट उत्तम आहे, आणि तो घ्यावा असेच मी सांगेन. परंतु दुकानात सर्वांत पुढे मांडलेली जोडी हीच घेण्याजोगी असते असे नाही, आणि ज्या काळाच्या नावाने तो विकला जातो तो काळ जाहिरातीतल्याइतका सोपा नव्हता.

मुळात हा बूट फॅशनसाठी घडलेला नाही. क्लाउस मार्टेन्स या जर्मन सैन्यातील डॉक्टरांचा घोटा १९४५ मध्ये दुखावला, तेव्हा पायाला सोसवेल असा हवेच्या कप्प्यांचा मऊ तळ त्यांनी तयार केला. पुढे इंग्लंडमधील नॉर्थॅम्प्टनशरच्या वोलास्टन गावातील ग्रिग्ज कुटुंबाने त्याचे हक्क घेतले आणि १ एप्रिल १९६० रोजी पहिली जोडी बाजारात आली. १४६० हा आकडा त्याच तारखेचा (१-४-६०) आहे. पहिले गिऱ्हाईक पोस्टमन आणि कारखान्यांतील कामगार होते.

साठच्या दशकाच्या अखेरीस, जमैकन संगीताचे वेड असलेल्या कामगारवस्तीतील ‘स्किनहेड’ म्हणजे डोके भादरलेल्या तरुणांनी आपल्या वर्गाची खूण म्हणून तो उचलला. दहा वर्षांनी त्यांच्यातील एक गट वंशद्वेष्ट्या राजकारणाकडे ओढला गेला आणि ब्रिटनमधील आशियाई कुटुंबांसाठी हेच बूट धास्तीचे कारण ठरले. ३ जुलै १९८१ रोजी पश्चिम लंडनमधील साउथॉल या आशियाई वस्तीच्या भागात, हॅम्बरो टॅव्हर्न या पबमध्ये काही बँडच्या कार्यक्रमासाठी स्किनहेडांचा जमाव आला, स्थानिक आशियाई तरुणांशी त्यांची चकमक झाली आणि ती इमारत जळून गेली. त्याच सुमारास कोव्हेंट्रीत, १९७९ मध्ये स्थापन झालेल्या टू टोन या संगीत कंपनीमुळे कृष्णवर्णीय आणि गौरवर्णीय कलावंत एकाच मंचावर वाजवत होते, आणि त्यांच्या चाहत्यांच्या पायांतही डॉक्टर मार्टेन्सच होते. लंडनच्या सोहो भागात १९८२ मध्ये सुरू झालेल्या बॅटकेव्ह क्लबाभोवती गॉथ, म्हणजे उदास सुरांच्या रॉक संगीताच्या चाहत्या मंडळींचा काळा पेहराव आकाराला आला आणि हा बूट त्यातही सामावला. पुरुषांचे लहान मापाचे बूट घेऊन त्यांवर फुले रंगवणाऱ्या मुलीही याच दशकातल्या. आज दुकानात हे सारे ‘बंडखोरी’ या एकाच शब्दाखाली सरसकट मांडले जाते, हे मला अपुरे वाटते. साउथॉलमध्ये ते दिवस काढलेल्या माणसाच्या घरी हा बूट घालून जाणाऱ्याला निदान एवढे ठाऊक असावे.

आता प्रत्यक्ष बुटाविषयी. वरचे चामडे, आतला तळ आणि भोवतालची पट्टी एकत्र शिवली जाते, आणि बाहेरचा तळ त्या पट्टीवर उष्णतेने वितळवून जोडला जातो. त्यामुळे ही जोड सहसा उलत नाही. मात्र तळ झिजल्यावर कोपऱ्यावरच्या कारागिराला तो बदलता येत नाही, कारण त्यासाठी खास यंत्र लागते. ‘स्मूथ’ नावाचे नेहमीचे चामडे वरून लेप दिलेले आणि कडक असते. सुरुवातीला ते टाचेला आणि घोट्याला हमखास चावते, म्हणून जाड मोजे घालून थोडा थोडा वेळ वापरत ते पायाशी जुळवून घ्यावे लागते. ज्यांना एवढा धीर नाही त्यांनी ‘नापा’ हे मऊ चामडे घ्यावे, मात्र त्यावर ओरखडे लवकर उठतात. बहुतेक जोड्या अर्ध्या मापात मिळत नाहीत, म्हणून माप पायात घालूनच ठरवावे.

खरा फरक बूट कोठे घडला यात आहे. २००३ मध्ये कंपनीने इंग्लंडमधील जवळजवळ सगळे उत्पादन आशियात हलवले, आणि काही वर्षांतच वोलास्टनच्या जुन्या कारखान्यात मर्यादित प्रमाणात ते पुन्हा सुरू केले. नेहमीच्या जोडीला दीडशे पौंडांहून अधिक मोजावे लागतात, वोलास्टनच्या जोडीला दोनशेंहून अधिक. माझ्या मते या दोन किमतींपैकी दुसरीच न्याय्य आहे, कारण तिथले चामडे अधिक भरीव असते आणि वापराने खुलते. त्याच गावातील एनपीएस हा १८८१ पासूनचा कारखाना पूर्वी परवान्याने डॉक्टर मार्टेन्सच बनवत असे. आज तो सोलोवेअर नावाने त्याच घडणीचे बूट विकतो आणि तेही पाहण्यासारखे आहेत.

मुंबई किंवा कोकणात वापरायचे असतील तर पावसाळ्यात चामड्यावर बुरशी धरते, म्हणून ओले बूट सावलीत वाळवून, मेण लावून मोकळ्या हवेत ठेवावेत. चामडे टाळणाऱ्यांसाठी कृत्रिम आवृत्ती मिळते आणि ती पहिल्या दिवसापासून मऊ असते. दमट हवेत मात्र तिच्यावरचा थर सुटण्याची भीती राहते, त्यामुळे तिच्याकडून खऱ्या चामड्याइतक्या आयुष्याची अपेक्षा ठेवू नये. जुन्या कपड्यांच्या बाजारात इंग्लंडमध्ये घडल्याचा शिक्का असलेली २००३ पूर्वीची जोडी आपल्या मापात सापडली आणि तिचा तळ तडकलेला नसेल, तर नव्याचा विचार न करता तीच घ्यावी.