ओपनस्टॅक्सचं फिजिक्स, पॅन्डॉक आणि आमचा वर्ग: वर्षभराच्या वापरानंतर

ओपनस्टॅक्सचं मुक्त परवान्याचं इंग्रजी पाठ्यपुस्तक पॅन्डॉक नावाच्या प्रोग्रॅमच्या मदतीने मी माझ्या वर्गासाठी मराठीत बदलून घेतलं, त्याचा हा अनुभव. आधी निकाल सांगते. ज्यांना पुस्तक नुसतं वाटायचं आहे त्यांनी या भानगडीत पडू नये. पीडीएफ उतरवा, वर्गाच्या ग्रुपवर टाका, झालं. धड्यांचा क्रम, उदाहरणं आणि भाषा बदलायची असेल तर मात्र ही सगळी खटपट वसूल आहे.

मी तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला फिजिक्स शिकवते. आमची बहुतेक मुलं दहावीपर्यंत मराठी किंवा सेमीतली. अकरावी-बारावीची पुस्तकं इंग्रजी, वर्गात बोलणं मराठी, आणि परीक्षेत पुन्हा इंग्रजी. त्यांना हवं होतं समजावणं मराठीत असलेलं आणि इंग्रजी संज्ञा सोबत देणारं पुस्तक. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, पण संचालकांच्या लेखी परवानगीशिवाय कोणताही भाग उद्धृत करता येणार नाही, असं त्यांच्या पहिल्याच पानांत छापलेलं असतं. म्हणजे वाचायला मोकळी, हात लावायला नाही. शिवाय ती शाळेची.

म्हणून ओपनस्टॅक्सचं ‘कॉलेज फिजिक्स’ घेतलं. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठाचा हा प्रकल्प. त्याचं मूळ १९९९ सालच्या ‘कनेक्शन्स’मध्ये. सिग्नल प्रोसेसिंगचे प्राध्यापक रिचर्ड बरान्यूक यांनी ते सुरू केलं. कल्पना अशी की पुस्तकाचे छोटे सुटे भाग करायचे आणि ज्याला जसे हवेत तसे त्याने जोडायचे. २०१२ मध्ये त्यातूनच ओपनस्टॅक्सची सलग, तपासलेली पुस्तकं यायला लागली, आणि अगदी पहिल्या पुस्तकांत हे फिजिक्स होतं. गंमत म्हणजे लोकांना जास्त पटली ती सलग पुस्तकंच. सुटे भाग जोडायची कनेक्शन्सची जागा २०२२ मध्ये बंद झाली आणि तिथलं साहित्य इंटरनेट आर्काइव्ह या जुनं साहित्य जपणाऱ्या संकेतस्थळावर गेलं. त्यामुळे आता जोडकाम करायचं तर ते आपल्याच संगणकावर.

ते शक्य होतं कारण ओपनस्टॅक्स पुस्तकांचा मूळ मजकूर गिटहबवर, म्हणजे फाइल्स आणि त्यांतले बदल सगळ्यांना दिसतील अशा संकेतस्थळावर ठेवतं. तो सीएनएक्सएमएल नावाच्या खुणाभाषेत असतो आणि समीकरणं मॅथएमएल या गणिताच्या खुणाभाषेत. माझ्या भाच्याने पायथनमध्ये एक छोटी स्क्रिप्ट लिहून दिली. ती मजकुराचं साधं एचटीएमएल करते, पुढचं सगळं पॅन्डॉक करतो. पॅन्डॉक म्हणजे एका लेखनप्रकारातून दुसऱ्यात नेणारा फुकट, मुक्त प्रोग्रॅम. बर्कलीत तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या जॉन मॅकफार्लेन यांनी तो २००६ मध्ये लिहिला. (फिजिक्सवाल्यांना हे जमलं नाही याची थोडी लाज वाटते.) त्यातून मार्कडाउन, म्हणजे थोड्या खुणा असलेल्या साध्या मजकुराच्या फाइल्स मिळतात, समीकरणं लेटेक या गणित छापायच्या पद्धतीत येतात. मी त्यात मराठी लिहिते, आणि त्याच फाइल्समधून पीडीएफ, वर्ड, वेबपान काय हवं ते निघतं.

पुस्तकं तयार करायचं प्रेसबुक्सही पाहिलं होतं. वर्डप्रेसवर उभं असलेलं, मुक्त परवान्याचं, आणि ज्यांना काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायची भीती वाटते त्यांना तेच सांगेन. दुसऱ्या कुणाचं मुक्त पुस्तक त्यात एका झटक्यात आपल्या खात्यात आणता येतं. पण स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचं तर वर्डप्रेसचं मल्टिसाइट (एकाच ठिकाणी अनेक संकेतस्थळं चालवायची मांडणी) लागतं, आणि त्याची छपाईची पीडीएफ प्रिन्स नावाच्या सशुल्क प्रोग्रॅमवर बेतलेली आहे. आमच्या कॉलेजात सर्व्हर म्हणजे ऑफिसातला एक संगणक, तोही लोडशेडिंगमध्ये बंद. पॅन्डॉक लॅपटॉपवर नेटशिवाय चालतो, माझ्यासाठी एवढं पुरेसं होतं.

आता खरं काम. न्यूटनच्या नियमांच्या धड्यात पहिलंच सोडवलेलं उदाहरण लॉनमोअरचं आहे. माणूस ५१ न्यूटनच्या निव्वळ बलाने २४ किलोचं गवत कापायचं यंत्र ढकलतो, त्वरण काढा. आमच्याकडे गवत विळ्याने कापतात आणि म्हैस खाते. तिथे भाजीची रिकामी हातगाडी घातली, आकडे तसेच ठेवले, उत्तर तेच २.१ मीटर प्रति सेकंद वर्ग. दोन मिनिटांचं काम.

पुढचं एक उदाहरण इतकं सरळ नाही. २५ अंशाच्या उतारावरून ६० किलोची स्त्री बर्फावर स्कीइंग करत खाली येते, घर्षण ४५ न्यूटन. तिथे ट्रकला लावलेल्या फळीवरून घसरणारं कांद्याचं पोतं टाकायचा मोह होतो. पण ४५ न्यूटन हे बर्फाचं घर्षण आहे. लंब बल साधारण ५३३ न्यूटन, म्हणजे घर्षणांक ०.०८ च्या आसपास. गोणपाट आणि लाकूड यांच्यात इतकं कमी घर्षण असतं तर हमालांची अर्धी मेहनत वाचली असती. नुसती नावं बदलली असती तर गणित सुटलं असतं आणि फिजिक्स खोटं झालं असतं. म्हणून पोतं ५० किलोचं केलं, घर्षणांक ०.३ धरला आणि पुन्हा मांडलं. उताराच्या दिशेने २०७ न्यूटन, घर्षण १३३, उरलेल्या ७४ न्यूटनमधून त्वरण जेमतेम १.५. मूळ उत्तर ३.३९ होतं. मुलांनी लगेच विचारलं, फळी आणखी कमी तिरकी केली तर पोतं मधेच अडकेल का? हा प्रश्न स्कीइंगवाल्या बाईवरून कधीच आला नव्हता. रीमिक्सचा, म्हणजे पुस्तक आपल्यापुरतं बदलून घेण्याचा सगळा फायदा मला या एका तासात दिसला, आणि त्याला किती वेळ लागतो तेही.

परवान्यांकडे मी सुरुवातीपासून बारीक लक्ष दिलं, तुम्हीही द्या. कॉलेज फिजिक्सची मी घेतलेली आवृत्ती सीसी बाय, म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्सच्या फक्त श्रेय मागणाऱ्या परवान्याची आहे. श्रेय द्या, परवान्याचा दुवा द्या, काय बदललं ते सांगा, मग भाषांतर करा, छापा, विका, हरकत नाही. झेरॉक्सवाल्याने स्पायरल प्रतीवर चार पैसे कमावले तरी चालतं. पण ओपनस्टॅक्सचं नाव, बोधचिन्ह आणि मुखपृष्ठ यांना हा परवाना लागू नाही. ते काढून आपलं मुखपृष्ठ करावं लागतं. मराठी विकिपीडियावरचा एखादा परिच्छेद धड्यात मिसळला की तो धडा बाय-एसए होतो, म्हणजे पुढे वापरणाऱ्यालाही त्याच अटीवर द्यावा लागतो. खरी अडचण कॅल्क्युलसची. ओपनस्टॅक्सचं कॅल्क्युलस बाय-एनसी-एसए आहे, त्यात व्यापारी वापराला मनाई. विकिपीडियाचा मजकूर आणि हा मजकूर एकाच धड्यात एकजीव करता येत नाही, कारण दोन्ही परवाने ‘माझ्याच अटीवर पुढे द्या’ म्हणतात आणि अटी वेगळ्या आहेत. अवकलनाची ओळख मी सरळ स्वतः लिहून टाकली. परवाना प्रत्येक पुस्तकात आणि प्रत्येक आवृत्तीत उघडून वाचायचा, ऐकीव माहितीवर जायचं नाही. आणि परवान्यात एनडी (बदलाला मनाई) अक्षरं दिसली तर ते पुस्तक बाजूला ठेवा, कारण त्याचं भाषांतर प्रसिद्ध करता येत नाही.

देवनागरी छपाईबद्दल थोडं. पॅन्डॉक पीडीएफसाठी आपणहून जे इंजिन वापरतो त्याला देवनागरी जमत नाही. त्याला झीलेटेक हे दुसरं इंजिन वापरायला सांगावं लागतं. फाँट मी ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ घेतला, तो नावाप्रमाणे मुक्त परवान्याचा आहे. भाषा मराठी आहे असं फाइलच्या डोक्यावर लिहून ठेवा. फाँटमध्ये सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे. एक धोका लक्षात ठेवा. निवडलेल्या फाँटमध्ये एखादं चिन्ह नसेल, समजा धावत्या मजकुरातला थीटा, तर ते कागदावरून नुसतं गायब होतं. काम थांबत नाही, इशारा फक्त लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमने ठेवलेल्या कामाच्या नोंदीत उमटतो. प्रत्येक वेळी लॉगमध्ये ‘मिसिंग’ शोधायची सवय लावून घ्या. समीकरणांत मी इंग्रजी आकडे ठेवले, परीक्षेत तेच लिहायचे आहेत.

सहकाऱ्यांचं काय? फाइल्समधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट कुणीही शिकलं नाही, आणि मी आग्रह सोडला. एक सर वर्डमध्ये दुरुस्त्या करून पाठवतात, पॅन्डॉक वर्ड फाइल वाचतो, मी ती जोडते. दुसऱ्या मॅडम छापील प्रतीवर लाल पेनने लिहून व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवतात. त्यांच्या दुरुस्त्या सगळ्यात चांगल्या असतात. जुन्या नोट्स मात्र बिगर-युनिकोड फाँटमध्ये होत्या, त्या रूपांतरित करण्यात दिवाळीची सुट्टी गेली. पीडीएफमधून देवनागरी कॉपी करायचा प्रयत्न ज्यांनी केला आहे त्यांना मात्रा आणि रफार कुठे कुठे जाऊन बसतात ते माहीत असेल. मूळ फाइल जपून ठेवा, असं मी आता ओळखीच्या प्रत्येक प्राध्यापकाला सांगते.

मुलं पुस्तक फोनवर वाचतात. इपब (ई-पुस्तकाची फाइल) काढून दिलं, कुणी उघडलं नाही. एफोर आकाराची पीडीएफ फोनवर सतत मोठी करून सरकवावी लागते. मग त्याच फाइल्समधून पानाचा आकार लहान आणि अक्षर मोठं केलेली दुसरी पीडीएफ काढली. बदल फक्त सेटिंगच्या दोन-तीन ओळींचा. वर्षातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वापरला गेलेला बदल हाच. सोबत फेटची सिम्युलेशन्स दिली. कोलोरॅडो विद्यापीठाच्या त्या संग्रहात बरीच मराठीत भाषांतरित आहेत.

न आवडलेलं एक म्हणजे मूळ पुस्तकातल्या दुरुस्त्या. ओपनस्टॅक्स चुका कळवून घेतं आणि वेबवरची प्रत सुधारतं, पण माझी मराठी प्रत तिथून तुटलेली आहे. गिटहबवर बदल दिसतात, ते वाचून मराठीत हाताने करावे लागतात. सत्र संपल्यावर एकदा बसून मी ते करते. याहून सोपा मार्ग मला सापडलेला नाही.

दुसरं म्हणजे आकृत्या. त्या चित्ररूपात असतात आणि इंग्रजी शब्द चित्रातच भाजलेले. मजकूर बदलणं सोपं, बाण आणि नावं बदलायला इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये आकृती नव्याने काढावी लागते. बलांच्या आकृत्या मी काढल्या, त्या मुलांना फळ्यावर काढायलाही सोप्या झाल्या. उष्मागतिकीच्या अजून राहिल्या आहेत. जूनच्या प्रतीत त्या इंग्रजीच जातील, खाली क्रमांकवार मराठी सूची देऊन.