बिनवासाची दाढी: सुगंध नसलेल्या शेव्हिंग क्रीमच्या नऊ महिन्यांच्या वापरानंतर

दाढीनंतर गळ्यावर उठणाऱ्या पुरळाचा दोष मी सात वर्षं ब्लेडला देत होतो. दोन पात्यांचं रेझर झालं, तीन पात्यांचं झालं, शेवटी जुन्या पद्धतीचं स्टीलचं एकपातीही घेतलं. नवीन ब्लेड लावलं की चार दिवस बरं वाटायचं, मग जबड्याखाली पुन्हा लाल चट्टे. रात्री झोपेत नखं लागून सकाळी उशीवर रक्ताचे ठिपके दिसायचे.

जानेवारीत कुडाळहून कोल्हापूरला जाऊन स्किनच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "आग लगेच होते, की दुसऱ्या दिवशी खाज सुटते?" मी दिवसाआड दाढी करतो. सकाळची दाढी आणि खाज दुसऱ्या दिवशी रात्री, हे त्या खुर्चीत बसून मोजेपर्यंत माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. झोंबणं, चुरचुरणं बहुतेकदा तिथल्या तिथे होतं. खरी ॲलर्जी एक-दोन दिवस घेते, म्हणूनच ती सापडत नाही.

मग पॅच टेस्ट झाली. पाठीवर वीसेक छोट्या चकत्या ओळीने चिकटवल्या. पाठीला पाणी लावायचं नाही, घाम येईल असं काम करायचं नाही. 48 तासांनी पट्ट्या काढल्या तेव्हा एका जागी नुसती लाली होती. 96 तासांनी तिथेच रुपयाच्या नाण्याएवढा गोल उठला. कडा खरखरीत, मध्ये मोहरीपेक्षाही बारीक पाणीदार फोड, बाकी पाठ कोरी. बायकोने मोबाइलवर फोटो काढून दाखवला. ती जागा होती 'फ्रॅग्रन्स मिक्स'ची, म्हणजे आठ सुगंधी द्रव्यांच्या मिश्रणाची. दालचिनीतलं सिनामाल, लवंगेतलं युजेनॉल, गुलाबासारखं जिरॅनिऑल आणि झाडावरच्या शेवाळासारख्या दगडफुलापासून काढतात ते ओकमॉस, हे त्यातले चार.

यातलं ओकमॉस माझ्या मनाला फार लागलं. 1882 साली उबिगाँ या फ्रेंच अत्तरवाल्यांनी 'फूजेर रोयाल' काढलं तेव्हा लव्हेंडर, वाळल्या गवतासारख्या वासाचं कुमारीन आणि ओकमॉस असं त्रिकूट जमवलं होतं. सलूनमधला तो ओळखीचा, स्वच्छ वास त्याच घराण्यातला. माझ्या वडिलांच्या गालाला तो वास यायचा. तो सोडताना मला खरोखर वाईट वाटलं, आजही वाटतं.

फेब्रुवारीपासून सुगंध नसलेलं शेव्हिंग क्रीम वापरतोय, सोबत नायलॉनचा ब्रश. ट्यूबचं नाव मुद्दाम देत नाही, कारण कंपन्या घटक बदलत असतात. दर नव्या ट्यूबची मागची बाजू वाचणं हाच खरा उपाय आहे.

पहिल्या तीन आठवड्यांत रात्रीची खाज थांबली. चट्ट्यांचे काळसर डाग जायला मात्र मे उजाडला. फेस चांगला दाट होतो, पण वास नसल्यामुळे सुरुवातीला ओल्या पिठाचा भास व्हायचा. कोरडेपणा थोडा राहिलाच. क्रीम बिनवासाचं असलं तरी मुळात साबणच आहे. स्टिअरिक ॲसिड आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड मिळून बनलेल्या साबणाचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीपणाचं माप, 9 ते 10 च्या घरात, आणि चेहऱ्याच्या त्वचेचा 5 च्या आसपास. त्यामुळे धुतल्यावर कातडी ओढल्यासारखी वाटते. त्यावर आत्याने दिलेलं कोकमाचं मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, कामी आलं. चण्याएवढा तुकडा ओल्या तळहातांवर घासायचा. तो चटकन वितळत नाही, हाताची ऊब लागेपर्यंत धीर धरावा लागतो. मग गळ्यावर नुसता हात फिरवायचा. जूनमध्ये पाऊस लागल्यावर ते चिकट वाटू लागलं म्हणून बंद केलं, आता पुन्हा सुरू केलंय.

मध्ये तीन वेळा फसलो, तेही सांगतो. एप्रिलमध्ये 'अनसेंटेड' लिहिलेली ट्यूब आणली. तिसऱ्या दाढीनंतर खाज हजर. मूळ घटकांचा वास झाकायला थोडा सुगंध घालूनही हा शब्द छापला जातो, हे तेव्हा कळलं. 'फ्रॅग्रन्स फ्री' लिहिलेलं असलं तरी यादी वाचायचीच. दुसऱ्यांदा लव्हेंडर तेलाचा 'नैसर्गिक' साबण घेतला. त्या तेलातलं लिनालूल हे सुगंधी द्रव्य हवेशी संयोग पावून ॲलर्जी उठवणारं बनतं, त्यामुळे अर्धा वापरलेला, उघडा पडलेला साबण नव्यापेक्षा वाईट. ते तेल झाडापासून आलं की कारखान्यातून, त्वचेला फरक पडत नाही. तिसरं, मेंथॉलवालं क्रीम. मेंथॉल कातडी थंड करत नाही, थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना जागं करतं. सोलवटलेल्या गळ्यावर त्याची नुसती आग झाली.

यादी वाचायची म्हटली तरी आपल्याकडच्या बऱ्याच डब्यांवर फक्त 'परफ्यूम' असतं. युरोपात 2005 पासून 26 सुगंधी घटकांची नावं ठरावीक प्रमाणाच्या वर असतील तर छापावी लागतात, आणि 2023 च्या नियमाने ही यादी ऐंशीच्या पुढे गेली. माझ्यासारख्याला तो एक शब्द पुरत नाही. इथेही नावं छापलीच पाहिजेत.

बिनवासाच्या क्रीमने एक गोष्ट मुळीच सुधारली नाही, गळ्यावरच्या पुटकुळ्या. त्या ॲलर्जीच्या नव्हत्याच. घोटून दाढी करायच्या नादात मी उलटा हात मारायचो, आणि कापलेला केस वळून कातडीत शिरायचा. आता गळ्यावर फक्त सुलटा हात. दाढी थोडी खरखरीत राहते, चालतं.

आमच्या सलूनवाल्या काकांना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी आधी माझा गळा उजेडात नीट बघितला आणि म्हणाले, "पुढच्या टायमाक तुमचीच ट्यूब घेवन येवा." आता ते माझ्यासाठी ब्रशही वेगळा ठेवतात. शेवटी फक्त ओली तुरटी फिरवतात. ती जराशी झोंबते, पण खाज कधी आली नाही.

दिवाळीची काळजी होती. उटण्यात वाळा, नागरमोथा, गवला कचरा, शिवाय पाकिटावर 'सुगंधी' लिहिलेलं. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आठवडाभर आधीपासून कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा थोडं लावून बघितलं. चौथ्या दिवशी तिथे खाज सुटली. पाकीट धाकट्या भावाला दिलं, आणि नरक चतुर्दशीला आईने मला बेसन आणि दूध कालवून दिलं.