डीएनए किट, १४ महिने वापरल्यानंतर: सासूबाईंच्या पणजोबांचा शोध

आधीच सांगते, "तुम्ही किती टक्के कुठले" हे बघायला किट घेणार असाल तर या रिव्ह्यूचा फार उपयोग नाही. ते टक्के आम्ही पहिल्या दिवशी बघितले, चार महिन्यांनी कंपनीने अपडेट केले तर स्कॉटलंड अर्धं झालं आणि नॉर्वे कुठून तरी उगवलं, विषय संपला. आमचं काम एकच होतं, सासूबाईंच्या आईच्या वडिलांचा बाप कोण.

मी लग्न होऊन लीड्सला आले, नवरा इथलाच यॉर्कशरचा, सासूबाई ८१ वर्षांच्या. त्यांचे आजोबा (आईचे वडील) जानेवारी १८९३ मध्ये जन्मले, आजोबांची आई शेतावरच्या घरात मोलकरीण, लग्न झालेलं नाही आणि जन्मदाखल्यावर बापाच्या रकान्यात नुसती आडवी रेघ. घरात सगळ्यांना माहीत पण बोलायचं कुणी नाही. आपल्याकडे अशाला लेकावळा म्हणून हिणवायचे, इथल्या जुन्या चर्च रजिस्टरांत सरळ बेसबॉर्न लिहायचे, फरक तेवढाच.

किटमध्ये एक नळी येते, त्यात रेघेपर्यंत थुंकायचं, अर्धा तास आधी काही खायचं प्यायचं नाही. वाचायला सोपं, पण ८१ व्या वर्षी तोंडाला लाळच सुटत नाही हो. पंधरा मिनिटं झाली, नुसता फेस. शेवटी मी नाशिकहून आणलेली कैरीच्या लोणच्याची बरणी उघडून त्यांच्या नाकाखाली धरली आणि दोन मिनिटांत नळी भरली. तरीही पहिलं सँपल लॅबने नापास केलं, दुसरी नळी यायला तीन आठवडे आणि मग रिझल्टला सात. तक्रार केली तर "आपली गैरसोय झाली त्याबद्दल" वगैरे छापील उत्तर.

टेस्ट कुणाची करायची हे आधी ठरवा, सगळ्यात महत्त्वाचं तेच. नवऱ्याने स्वतःची केली असती तर निम्मी माहिती गळून गेली असती, म्हणून घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस धरायचं. खरं तर वाय टेस्ट (पुरुषांतल्या वाय क्रोमोसोमची) जास्त कामाची, तो बापाकडून मुलाकडे, मुलाकडून त्याच्या मुलाकडे असाच जातो, म्हणजे सासूबाईंच्या मामेभावाची टेस्ट हवी होती (इंग्रजीत सगळेच कझिन, मला मात्र चटकन कळलं की आत्तेभाऊ, मावसभाऊ इथे चालणार नाहीत). मामेभाऊ ७६ वर्षांचा, फोनवरच भडकला, मेलेल्यांची लफडी कशाला उकरताय म्हणाला. झाकली मूठ सगळीकडे सव्वा लाखाचीच. त्याचं चूक म्हणत नाही मी, नाही म्हणायचा हक्क आहे त्याला.

रिझल्टची वाट बघताना आम्ही कागदांमागे लागलो आणि दोन महिने फुकट घालवले. आजोबांचं मधलं नाव म्हणजे चक्क एक आडनाव होतं, आणि अशा मुलाला बापाचं आडनाव मधे चिकटवायची पद्धत इथे होती, त्यामुळे आम्ही त्या आडनावाचे गावातले सगळे पुरुष उपसले. नंतर कळलं ते मुलाच्या आईच्या आजीचं माहेरचं आडनाव. मग आजोबांचा १९१९ चा लग्नाचा दाखला मागवला, त्यात वडिलांच्या रकान्यात नाव आहे म्हणून उड्या मारल्या, तर ते त्यांच्या आईच्याच वडिलांचं. लाज झाकायला आजोबालाच बाप करून टाकलेलं.

रिझल्ट आल्यावर हजारो मॅचेस (ज्यांचा डीएनए आपल्याशी थोडाफार जुळतो ती माणसं) दिसतात आणि डोकं गरगरतं. लीड्स मेथड म्हणून एक पद्धत आहे (आमच्या शहराशी संबंध नाही, डेना लीड्स नावाच्या बाईंनी २०१८ मध्ये काढलेली), एक्सेलमध्ये जवळच्या मॅचेस लिहायच्या आणि ज्या एकमेकांशीही जुळतात त्यांना एकच रंग द्यायचा. सासूबाईंचे तीन रंग ओळखीच्या घराण्यांचे निघाले, चौथ्यात सहा माणसं आणि एकही नाव माहितीतलं नाही. सगळ्यात वरची कॅनडातली बाई, १४२ सेंटीमॉर्गन (डीएनए किती जुळतो त्याचं माप, आकडा मोठा तितकं नातं सहसा जवळचं). तिने वर्षभर लॉगिनच केलेलं नाही. सहातल्या दोघांनीच वंशावळ टाकलेली, बाकीच्यांची मी रात्री बसून लग्नाच्या आणि निधनाच्या जाहिराती वाचून बनवली. नवरा म्हणाला तू आता त्र्यंबकेश्वरचे उपाध्याय झालीस, वही तेवढी घे.

सगळे धागे स्किप्टनजवळच्या एका शेतकरी जोडप्याला जाऊन भिडले. त्यांना मुलगे पाच. आता इथेच किटची हद्द संपते आणि हे जाहिरातीत कुणी सांगत नाही. डीएनए तुम्हाला घर दाखवतो, घरातला कोण ते सांगत नाही. पणजोबा एक पण पणज्या वेगळ्या असतील (म्हणजे मॅचचा पणजोबाच आपला माणूस) तर साधारण १२० सेंटीमॉर्गन जुळतात, खापरपणजोबा-खापरपणजी दोघंही सामायिक असतील (म्हणजे आपला माणूस त्या पणजोबाचा भाऊ) तर ७३ च्या आसपास, पण या सरासऱ्या झाल्या, प्रत्यक्षात आकडे इतके खालीवर होतात की १४२ दोन्हीकडे बसतो.

मग गाळणी लावली. थोरला १८८९ मध्ये वारलेला, धाकटा त्या मुलीला दिवस गेले तेव्हा ११ वर्षांचा, एक १८८८ लाच कॅनडाला गेलेला (ती वरची बाई त्याची पणती). उरले दोन. १८९१ ची जनगणना ५ एप्रिलच्या रात्रीची आहे, त्यात सासूबाईंची पणजी, वय १९, बरोबर शेजारच्या शेतावर कामाला. उरलेल्या दोघांतला एक लग्न होऊन दुसऱ्या खोऱ्यात राहणारा, दुसरा घरीच, बिनलग्नाचा. या दुसऱ्याचा पणतू ब्रॅडफर्डला सापडला, पत्र पाठवलं, तो टेस्टला तयार झाला आणि आकडा आला १२८. पारडं झुकलं, पण शंभर टक्के नाही.

निकाल लागला तो पेपरमुळे. इथे कायदा असा होता की अनौरस मुलाच्या दाखल्यावर बापाचं नाव फक्त तो स्वतः आईबरोबर येऊन सही करेल तरच लागायचं, १८७४ चा कायदा. म्हणजे रेघ आहे याचा अर्थ बाप कुणाला माहीत नव्हता असा नाही, फक्त तो सहीला आला नाही. पण आई पोटगीसाठी मॅजिस्ट्रेटकडे जाऊ शकायची, सहसा जन्मानंतर १२ महिन्यांच्या आत, नुसत्या तिच्या शब्दावर भागायचं नाही, दुसरा काहीतरी पुरावा लागायचाच आणि जास्तीत जास्त आठवड्याला ५ शिलिंग मिळायचे. आणि अशा केसेस लोकल पेपरात छापून यायच्या, नावानिशी. आम्ही आधी पणजीच्या नावाने शोधलेलं, काही नाही, कारण स्कॅनिंगमध्ये तिच्या आडनावाचं भलतंच झालेलं. आता शेतकऱ्याचं आडनाव टाकून १८९३ चे अंक चाळले तर एप्रिलमध्ये चार ओळी. तोच, घरी राहणारा. आठवड्याला ३ शिलिंग, मूल १३ वर्षांचं होईपर्यंत.

सासूबाईंना प्रिंट काढून दिली. चष्मा लावून दोनदा वाचली आणि विचारलं, "दिले का पण त्याने?"

त्याचा कागद अजून सापडलेला नाही. कोर्टाने सांगितलं म्हणजे पैसे मिळालेच असं नव्हतं. ब्रॅडफर्डचा पणतू मागच्या महिन्यात चहाला येऊन गेला, येताना फोटो आणला, नवऱ्याचं म्हणणं कान डिट्टो आपले, मला तर सगळ्या मिशावाल्या गोऱ्यांचे कान सारखेच दिसतात.

स्टार द्यायचे तर किटला साडेतीन, ते पण सेलमध्ये घेतलं तर. आपल्या लोकांनी इथून फार आशा ठेवू नये, मी पण हौसेने माझी केली, पण भारतातले लोक यादीत इतके कमी की माझ्या मॅचेसमध्ये लांबलांबचेच, त्यातला एक पण नाशिकचा नाही. दाखल्याची डिजिटल प्रत सरकारी साइटवर ३ पौंडांना मिळाली, सही-शिक्क्याची महागडी शोधासाठी लागत नाही. जनगणना आणि पेपरांच्या साइट्स इथल्या बऱ्याच पब्लिक लायब्ररींत फुकट असतात, आधी तिथे विचारा. आणि मेंबरशिप घेतलीच तर त्याच दिवशी ऑटो रिन्यू बंद करा, आमचे गेले ना पैसे.